समोरच्याची चाल

वजीर आपण होऊन चालत गेला आणि प्याद्याच्या तोंडात जाऊन उभा राहिला. त्या क्षणी खेळणाऱ्याचा हात माउसवर नव्हताच, पाण्याच्या बाटलीवर होता. झालं होतं ते असं, की समोरचा आता उंट मागे घेणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, म्हणून उंट मागे जायच्या आतच त्यानं आपली पुढची चाल लावून ठेवली होती. तीन मिनिटांच्या डावात सगळेच असं करतात. समोरच्याची चाल पडली रे पडली की आपली लावलेली चाल आपोआप पडते, घड्याळातला एक क्षणही खर्च होत नाही. तो तिला आगाऊ चाल म्हणायचा आणि त्याचे ऑनलाइन बघे त्याला ‘तुफान’ म्हणायचे ते या आगाऊ चालींमुळेच. पण समोरच्यानं उंट मागे घेतला नाही. बराच वेळ त्यानं काहीच केलं नाही आणि मग कडेचं एक प्यादं एक घर पुढे सरकवलं. उंटाला पळायचं कारणच नव्हतं, हे समोरच्याला बसल्या बसल्या दिसलं होतं. आणि तुफानचा वजीर, जे घडलंच नाही त्याला उत्तर द्यायला, मोठ्या ऐटीत निघाला. पडद्याच्या कडेनं बघ्यांचे शेरे भराभरा वर सरकायला लागले. ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग,’ असं कुणीतरी लिहिलं आणि बाकीच्यांनी त्यावर हसणारी तोंडं डकवली. त्यानंही कॅमेऱ्याकडे बघून हसून दाखवलं. लोक त्यासाठीच तर येतात. हरण्याचं त्याला काही वाटत नसे, हरणं हा त्याच्या पोटापाण्याचा भाग होता. पण आपला हात बाटलीवर असताना पडद्यावर आपल्या नावानं कुणीतरी खेळत होतं, याची त्याला भीती वाटली. मग तो पाणी प्यायला आणि त्यानं पुढचा डाव लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ‘आळशी उंट’चा फोन आला. हे एका बघ्याचं टोपणनाव. तो क्वचित लिहायचा आणि लिहिलं तर पूर्णविरामासकट लिहायचा. तुम्ही म्हणालात तर तुमचे डाव एकदा नीट तपासून देईन, असं त्यानं मागे कळवलं होतं आणि याचा होकारही गेला होता. फोनवर मात्र बाईंचा आवाज आला. त्या लहान मुलांचा बुद्धिबळाचा वर्ग चालवत होत्या. ‘तुफान’ पुरुष असतो, ‘आळशी उंट’ पुरुषच असणार, असं त्यानं कधीतरी धरून टाकलेलं. बाईंना ते कळलं असावं, कारण त्या जरा हसल्या.

“चांगलं आधी सांगू की वाईट?”

“चांगलं सांगा. वाईट काय, माझे बघे फुकटात सांगतात.”

“सुरुवात तुम्हाला तोंडपाठ आहे. डोळा तिखट आहे, एका घोड्यानं दोन मोहऱ्यांना कुठे धरता येईल ते तुम्हाला माझ्या आधी दिसतं. आणि घड्याळ तर तुमच्या घरी पाणी भरतं. हरलेला डाव तुम्ही नुसते शह देत देत ओढता आणि समोरच्याची वेळ संपवून जिंकता. मला ते आवडत नाही, पण त्यालाही अक्कल लागते.”

“आणि वाईट?”

“पट रिकामा झाला की तुम्हाला करमत नाही. हत्ती आणि चार प्यादी उरली, आता सावकाश काम करायचं, तिथे तुम्ही उगाच काहीतरी पेटवून देता. पण तो शेवटचा खेळ शिकवता येईल. दुसरं आहे ते शिकवता येतं की नाही, देव जाणे.” बाई थांबल्या. तेवढ्यात “घाई करतो, हेच ना?” असं तो म्हणून मोकळा झाला. “नाही,” बाई म्हणाल्या. “घाई सगळेच करतात. तुम्ही समोरच्याची चाल स्वतःच खेळता. तो काय करणार ते तुम्ही ठरवता आणि त्याला उत्तर देता. त्यानं तेच केलं तर लोक टाळ्या वाजवतात. त्यानं दुसरंच काही केलं, तरी पुढच्या दोन-तीन चाली तुम्ही अशा खेळता की त्यानं तुमचं ऐकलंच आहे. तुमच्या पटावर दुसरं माणूस नसतंच हो. म्हणून म्हणते, आठवडाभर आगाऊ चाल बंद ठेवा. तसं बटण असतं. आणि तुमचे जुने डाव लावून बघा. आवाज चालू ठेवून. आपण कुठे बोलतो, कुठे गप्प बसतो, ते ऐका. वर्गातली पोरं माझं हे ऐकत नाहीत, तुम्ही तरी ऐका.”

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ बाईंवर मनातल्या मनात चिडत राहिला. पोरांना शिकवणारी बाई, तिला लाइव्ह खेळणं म्हणजे काय ते काय कळणार. एका डोळ्यानं पट बघायचा, दुसऱ्यानं घड्याळ, तिसरा असता तर शेऱ्यांवर ठेवला असता. आणि तोंडाची टकळी सारखी चालू. तोंड थांबलं की माणसं उठून जातात. गप्प बसून खेळणाऱ्याला बघायला कोण येतं. हे त्यांना सांगायला हवं होतं, पण ते आता सुचत होतं. चिडून तो स्वयंपाकघरात गेला, चहा टाकला, दोन कप भरले आणि एक बाबांच्या खोलीत नेऊन ठेवला. बाबा खिडकीशी खुर्ची ओढून बसले होते आणि चष्म्याच्या काचा पुसायचं मऊ फडकं मांडीवर घेऊन त्याच्या घड्या घालत होते. कोपऱ्यात ताईनं पाठवलेली नवी बॅग होती, अर्धी भरलेली. रविवारी ताई गाडी घेऊन येणार होती आणि बाबांना कायमचं तिच्याकडे नेणार होती. तिथे तळमजला होता, अंगण होतं, शेजारी नर्स राहत होती. इथे तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. सगळ्यांच्या सोयीचं होतं आणि मुख्य म्हणजे बाबांना स्वतःलाच जायचं होतं. ते तसं त्याला म्हणाले होते. “चहा घ्या, गार होईल,” तो म्हणाला. “हं,” बाबा म्हणाले.

बाबांचं खाली तळमजल्यावर चष्म्याचं दुकान होतं. पुढे काचेच्या कपाटात फ्रेमा आणि मागे ती अरुंद खोली, जिच्यात एक उंच खुर्ची, समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि दिव्याचं बटण. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवून बाबा एकेक भिंग तिच्यात सरकवायचे आणि विचारायचे, “आता बरं दिसतं, की आधी बरं होतं?” मग थांबायचे. हे थांबणंच त्यांचं खरं काम होतं. पाठीमागे हात बांधून, चेहऱ्यावर काही न आणता, अगदी खांबासारखे. माणसं गडबडायची. आपलं उत्तर चुकेल की काय असं वाटून घाम फुटायचा त्यांना. “तुम्हीच सांगा ना डॉक्टर,” असं म्हणायची. डॉक्टर नसलेले बाबा म्हणायचे, “तुमच्या डोळ्यांतून मला कसं दिसणार? घाई नाही. परत बघा.” आणि पुन्हा थांबायचे. लहानपणी तो त्या खोलीच्या दारात उंबऱ्यावर बसून गृहपाठ करायचा आणि ती गप्प वेळ त्याला सहन व्हायची नाही. गिऱ्हाइकाच्या आधी आपणच ओरडून सांगावं, ‘आधी बरं होतं’, असं वाटायचं. रोज ऐकून ऐकून तक्ता त्याला वरपासून खालपर्यंत पाठ झाला होता. शाळेत फळ्यावरचं दिसेनासं झालं तेव्हा बाबांनी त्याला त्या खुर्चीत बसवलं आणि दिवा लावायला वळले, तर दिवा लागायच्या आतच यानं शेवटच्या ओळीपर्यंत सगळी अक्षरं धडाधड म्हणून टाकली. बाबांनी त्याला शाबासकी दिली. चष्मेवाल्याचा मुलगा वर्षभर फळ्याकडे डोळे बारीक करून बघत राहिला आणि बापाला पत्ता नाही, ही गोष्ट पुढे घरात हसत हसत सांगितली जायची. बाबाही हसायचे. पण त्यानंतर त्यांनी तक्ता बदलला आणि दर काही महिन्यांनी बदलत राहिले.

गेल्या वर्षी बाबांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. हातपाय सावरले, शब्द सावरले नाहीत. शब्द आत जागच्या जागी आहेत, पण बाहेर यायची वाट चिंचोळी झाली आहे, असं ते बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी समजावलं होतं. “वाक्य तुम्ही पुरं करू नका. कितीही वेळ लागला तरी थांबा. माणसाला शब्द पुरवले की ते शोधायचं सोडतं,” असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या आणि यानं मान डोलावली होती. पटलंही होतं. पण प्रत्यक्ष बाबा समोर उभे राहून “मला... मला...” करायला लागले, त्यांच्या मानेची शीर ताठ झाली आणि ओठ नुसतेच हलायला लागले की त्याच्याच्यानं बघवायचं नाही. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघितली त्यांना असं ताटकळलेलं बघणं म्हणजे त्याच्या जिवाला घोर. कुणी जिन्यात धापा टाकत असेल तर आपण हात देतोच ना, तसं तो शब्द द्यायचा. आणि शब्द बरोबर बसला की बाबांच्या मानेची शीर सैल व्हायची, ते “हं” म्हणायचे आणि दोघांनाही सुटल्यासारखं वाटायचं. यात वाईट ते काय, असं त्याला मनापासून वाटत होतं.

दुपारी त्यानं बुद्धिबळाच्या बाईंचा राग म्हणून, जरा त्यांची जिरवावी म्हणून, बघ्यांसमोरच ते बटण बंद केलं. “आज आगाऊ चाल नाही. उंटबाईंचा हुकूम,” म्हणाला. पहिले काही डाव नुसती फजिती झाली. हात सवयीनं पुढची चाल लावायला जायचा आणि मोहरा जागचा हलायचा नाही. मग हळूहळू एक विचित्र गोष्ट जाणवायला लागली. समोरचा विचार करत असायचा तेव्हा याला करायला काही उरायचं नाही. आतापर्यंत ती वेळ तो स्वतःच्या चालीनं भरून टाकायचा. आता ती तशीच मोकळी, समोर पडलेली. समोरचा कुठे बसला असेल, त्याच्या खोलीत काय दिसत असेल, त्याला नक्की कशाची भीती वाटतेय, असले प्रश्न त्याला आयुष्यात पहिल्यांदा पडले. त्यानं बोलणं कमी केलं. ‘तुफानची हवा गेली का?’ कुणीतरी विचारलं, आणि काही माणसं खरंच उठून गेली. त्या शांततेत त्याला घर ऐकू यायला लागलं. फ्रीजची घरघर, खालून जाणारी एखादी गाडी. आणि एक आवाज ऐकू येत नव्हता. दुपारचं खेळणं सुरू झालं की बाबांच्या सपाता पॅसेजमधून घासत यायच्या, दाराशी थांबायच्या. त्या आल्या नाहीत. काल आल्या होत्या का? परवा? त्याला सांगता येईना. डाव अर्धा टाकून उठून तो बघून आला. बाबा खिडकीशीच होते, जागे. मांडीवरच्या फडक्याची घडी तशीच.

तेव्हापासून तो जुने डाव लावून बसायला लागला. बाईंनी सांगितलं म्हणून बसलोय, शेवटचा खेळ सुधारायचाय, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि पहिले दोन डाव इमानानं पटाकडेच बघितलं. बाईंचं खरं होतं. हत्ती आणि चार प्यादी उरली की त्याचा आवाज चढायचा, खुर्ची वाजायला लागायची. पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकोनात त्याचाच चेहरा होता आणि त्याच्या खांद्यामागे दार. तिसऱ्या डावात दारात स्वेटरची एक बाही आली. ‘बाबा आले’ म्हणून बघ्यांनी लाल बदामांच्या चित्रांचा पाऊस पाडला. बाबा त्याच्या बघ्यांचे लाडके होते. कानातल्या हेडफोनमध्ये बाबांचा आवाज इतका जवळून आला की त्यानं दचकून मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं. दार होतं.

“मला... ते...”

“पाणी? टेबलावरच ठेवलंय, बघा.”

“ना... मला...”

“पंखा लावू? थांबा, एवढा डाव होऊ दे.”

“हं.”

बाही निघून गेली. डाव तो जिंकला होता. त्यानं पुढचा दिवस लावला. पुन्हा सपाता, पुन्हा बाही. “मला... आपलं... ते...” आणि त्याचा हसरा, तरतरीत, बघ्यांनाही ऐकू जाईल असा आवाज, “ताईशी बोलायचंय? संध्याकाळी लावून देतो.” “हं.” पुढचा दिवस. “मला... मला ते...” “टीव्हीचा रिमोट उशीखाली आहे बाबा.” “हं.” तो पट बघायचा विसरून गेला. दिवस पुढेमागे करत, फक्त दाराकडे डोळे लावून बसला. सुरुवात तीच होती. पाणी मागणारा माणूस वेगळ्या सुरात सुरू करतो, पंखा मागणारा वेगळ्या. बाबा रोज एकाच सुरात, एकाच शब्दावर पाय ठेवून, तेच काहीतरी बोलायला येत होते आणि रोज वेगळी वस्तू हातात घेऊन परत जात होते.

मग तो डाव आला. महिन्यातला त्याचा सर्वांत नामी डाव, ज्याचा तुकडा कापून त्यानं वेगळा लावला होता आणि लोकांनी डोक्यावर घेतला होता. त्याला फक्त वजिराचा बळी आठवत होता. बाबा त्यात होते हे आठवत नव्हतं. म्हणजे बाबा तेव्हा काय म्हणाले ते आठवत होतं, तेच तर त्यानं ताईला सांगितलं होतं, पण ते याच डावात म्हणाले हे नव्हतं आठवत. बाही आली. “मला... ति... तिकडे...” आणि त्या ‘तिकडे’चं शेपूट अजून हवेत असतानाच त्यावर चढून त्याचा आवाज आला, “ताईकडे? ताईकडे जायचंय तुम्हाला?” मग मोहऱ्यांचे टक टक आवाज. त्याच्या तीन चाली, समोरच्याच्या तीन. तेवढा वेळ बाबा काही बोलले नाहीत. “हो ना, इथे कंटाळाच येतो तुम्हाला. मी सांगतो तिला,” तो म्हणाला, आणि वजीर दिला. बघ्यांचा जल्लोष सगळा पडदा भरून वर चढला आणि त्याच्या खालून, जेमतेम, “हं.”

त्यानं ते पुन्हा ऐकलं. आवाज मोठा करून, डोळे मिटून. ‘तिकडे’ आणि ‘ताईकडे’ यांच्यामध्ये सुईलाही जागा नव्हती. तिकडे म्हणजे कुठे? खाली दुकानात? दुकान बंद करून वर्ष होत आलं, तिथे आता कुणाची तरी गोदामाची खोकी होती. आई गेली त्या हॉस्पिटलच्या बाजूला? का तिकडे नको, असं म्हणायचं होतं? जायचं नाहीये, असं असेल. किंवा त्याला जाण्याशी काहीच देणंघेणं नसेल. तिकडे बघ, तिकडे ठेवलंय, तिकडे दुखतंय. त्यानं हेडफोन काढून ठेवला तरी कानात “मला... मला...” चालूच राहिलं. नळातून थेंब पडला तरी तेच, खुर्ची करकरली तरी तेच. भुताच्या गोष्टींत मेलेलं माणूस काहीतरी सांगायला परत परत येतं. त्याचा बाप शेजारच्या खोलीत जिवंत होता, चहा पीत होता, आणि तरी त्याला झपाटून टाकत होता. मग त्यानं शेवटच्या आठवड्यांतले डाव लावले. त्यात बाबांचा आवाज नव्हताच. बाही यायची. खांदा यायचा. दारात नुसते उभे राहायचे, त्याच्या मानेकडे बघत, एक डाव, कधी दोन. तोंड उघडायचं आणि मिटायचं. मग खांदा जायचा. ‘दादा, मागे बाबा उभे आहेत,’ असं कुणीतरी लिहिलं होतं. कुणीतरी पुन्हा लिहिलं होतं. तो शेरा वर सरकत सरकत निघून गेला होता आणि कोपऱ्यातल्या चौकोनात तो स्वतः दात काढून हसत होता.

तो बाबांच्या खोलीत गेला आणि त्यांच्यासमोर पलंगाच्या कडेवर बसला. ऊन खिडकीतून बाबांच्या पायांवर आलं होतं. काय विचारायचं ते तो पॅसेजमधून जुळवत आला होता. “बाबा, तुम्हाला ताईकडे...”

“हं,” बाबा म्हणाले.

“नाही, ऐका. जायचं नसेल तर...”

“हं. हं.”

“म्हणजे जायचं नाहीये?”

“हं,” बाबा म्हणाले आणि हसले. तो चेहरा त्याला माहीत होता. गडबडलेल्या गिऱ्हाइकाला धीर द्यायचा असला की ते असेच हसायचे. आता त्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत बाबांचं उत्तर येऊन पडत होतं. दोन्ही प्रश्नांना तेच, तयार, लावून ठेवलेलं. त्याचा वेळ वाया जाऊ नये म्हणून. हे कुणी शिकवलं त्यांना, हे विचारायची गरज नव्हती. त्याला रडू आलं आणि बाबांना ते दिसू नये म्हणून तो बॅगेची चेन लावायला उठला, ती लागेना, तशीच सोडून बाहेर आला आणि ताईला फोन लावला.

“ताई, रविवारी न्यायला येऊ नकोस.”

“आता काय झालं? अरे, खोली रंगवून घेतली मी. पलंग आलाय.”

“बाबा हो म्हणाले नव्हते.”

“तूच तर सांगितलंस. त्यांच्या तोंडून ऐकलं म्हणालास.”

“त्यांच्या तोंडून ‘तिकडे’ एवढंच आलं होतं. पुढचं मी म्हटलं.”

तिच्या घरात कुठेतरी कुकर वाजत होता. “मग तिकडे म्हणजे कुठे?” तिनं विचारलं.

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे काय? विचार ना त्यांना. घरातच आहेत ना?”

“विचारलं. कशालाही हं म्हणतात. जायचंय म्हटलं तरी हं, नाही जायचं म्हटलं तरी हं.”

ताई लगेच बोलली नाही, आणि यावेळी त्यानंही मधे शब्द घातला नाही. “मलाही ‘हो’ म्हणाले होते,” शेवटी ती म्हणाली. आवाज उतरला होता. “मी पण काय विचारलं होतं म्हणा. येणार ना माझ्याकडे, मजा करू आपण, असंच काहीतरी. नाही कसं म्हणतील ते.” मग नाक ओढून, मोठ्या बहिणीच्या नेहमीच्या सुरात, “मी रविवारी येते. न्यायला नाही, नुसती येते. पुढचं पुढे बघू. पण तोवर तू तो तुझा खेळ जरा बंद कर आणि त्यांच्याजवळ बस. आणि तोंडाला कुलूप लाव, ऐकतोयस का? तू लहानपणापासून असाच आहेस.”

दुपार झाली तेव्हा त्यानं कॉम्प्युटर लावला नाही. फोन टेबलावर पालथा ठेवला. बघे विचारत असणार, तुफान कुठे गेला, आजारी पडला का. तो पुन्हा जाऊन बाबांच्या समोर पलंगावर बसला. काही विचारायचं नाही, एवढंच ठरवलं होतं. बाबांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा दाराकडे, याची वेळ झाली तरी हा इथे कसा, असं. त्यांनी दोनदा आपण होऊन “हं” म्हटलं, न विचारलेल्या प्रश्नाला. तो गप्प राहिला. गप्प राहणं किती अवघड असतं. अंगाला सगळीकडून मुंग्या आल्या, हात कुठे ठेवावेत कळेना, गुडघा आपण होऊन हलायला लागला तो त्यानं दाबून धरला. ऊन बाबांच्या पायांवरून फरशीवर उतरलं, फरशीवरून पलंगाच्या पायाशी आलं. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला हाक मारून थकलं. बाबांनी फडकं बाजूला ठेवलं. त्यांच्या मानेची शीर दिसायला लागली.

“मला...”

त्याच्या जिभेवर शब्दांची रांगच लागली. पाणी, पंखा, दुकान, आई, घर, नको. एकेक शब्द दाताशी येऊन ढकलत होता. त्यानं दात मिटले.

“मला...” बाबा पुन्हा म्हणाले, आणि थांबले. ते आत कुठे शोधायला गेले नव्हते, हे त्याला दिसलं. ओठ हलत नव्हते, कपाळाला आठी नव्हती, शीरही सैल पडली होती. ते त्याच्या तोंडाकडे बघत थांबले होते. शांतपणे, भरवशानं, नळाखाली भांडं धरून उभं राहावं तसे. तो काही बोलला नाही. त्याच्याकडे काही नव्हतंच. बाबा वाट बघत राहिले. मग त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा जराशी काळजी आली. याचंच काही अडकलंय की काय, अशी. ते खुर्चीत पुढे सरकले आणि त्याच्या गुडघ्यावर त्यांनी हात ठेवला.

“सांग ना,” बाबा म्हणाले. दोन्ही शब्द न अडखळता, अगदी स्वच्छ आले.